मातीची चव : देशीयतेच्या दाव्यातील एक नैतिक प्रश्न

मराठी समीक्षेत ‘मातीचा वास’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे, की ते एक रूपक आहे याचाच विसर पडावा. एखाद्या कादंबरीला मातीचा वास आहे असे म्हटले, की तिच्या बाजूने निकाल लागला असे समजले जाते. तसा तो नाही म्हटले, की ती उपरी ठरते. भालचंद्र नेमाडे यांनी १९८३ च्या सुमारास देशीयतेची भूमिका मांडल्यानंतर या शब्दप्रयोगाला सैद्धांतिक बळ मिळाले. त्या भूमिकेच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ लिहिले गेले. परंतु रूपकाच्या मुळाशी असलेली वस्तू, म्हणजे प्रत्यक्ष माती आणि तिच्यातून उगवणाऱ्या पदार्थाची चव, यांची चौकशी क्वचितच झाली. रूपक वापरणाऱ्याने मूळ वस्तूकडे अधूनमधून पाहावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. कारण रूपकाबरोबर मूळ वस्तूचे हक्क आणि मूळ वस्तूचे गैरसमज असे दोन्ही चालत येतात.

मातीच्या चवीचा दावा सर्वांत तपशिलाने आणि सर्वांत हट्टाने कोठे केला गेला असेल, तर तो द्राक्षाच्या मद्याबाबत. फ्रेंचांनी ‘तेरवार’ या एका शब्दात जमीन, उतार, हवा आणि रीत हे सारे कोंबले, आणि १९३५ मध्ये त्या कल्पनेला कायद्याचे रूप दिले. जर्मनीतील मोझेल नदीच्या काठची रीसलिंग ही वाइन तर या दाव्याचे शुद्ध उदाहरण मानली जाते. एकाच जातीचे द्राक्ष, बहुधा नव्या लाकडी पिंपाच्या वासाची भेसळ नाही, आणि जमीन म्हणाल तर पाटीच्या दगडाचे तुकडे पसरलेले उभे कडे. ब्रेम या गावाजवळच्या काल्मोंट या उतारावर चढण काही ठिकाणी ६० अंशांच्या पलीकडे जाते. तेथे बैल चालत नाही, ट्रॅक्टर चालत नाही; माणूस दोरीला किंवा वेलीच्या खांबाला धरून काम करतो. अशा दगडातून निघालेली वाइन प्याल्यावर जिभेला दगडच लागतो, असे जाणकार म्हणत आले आहेत.

हे म्हणणे शब्दशः खरे नाही. ॲलेक्स मॉल्टमन या भूवैज्ञानिकाने दाखवून दिले आहे, की खडकातील खनिजे ज्या अत्यल्प प्रमाणात वेलीच्या मुळांतून फळात उतरतात, त्या प्रमाणात ती जिभेला कळणे शक्य नाही. शिवाय बहुतेक खडकांना स्वतःची अशी चवच नसते. जुन्या रीसलिंगला जो रॉकेलसारखा वास येतो आणि ज्याचे रसिकांना मोठे कौतुक असते, तोही भूगर्भातून येत नाही. द्राक्षाच्या सालीतील रंगद्रव्यांवर ऊन पडून जी संयुगे बनतात त्यांच्यापासून तो बाटलीत हळूहळू तयार होतो. दगड काम करतो, पण वेगळ्या तऱ्हेने. दिवसा तापलेली पाटी रात्री ऊब परत देते, पावसाचे पाणी थांबू देत नाही, मुळांना खोल जायला लावते. दक्षिणेकडे तोंड केलेला उतार त्या थंड मुलखात सूर्याचे तिरपे किरण पकडतो. म्हणजे जमीन फळाला स्वतःची चव देत नसून एक परिस्थिती देते. आणि त्या परिस्थितीतही पावसाने खाली वाहून आलेली माती व दगड पुन्हा पाठीवरून वर नेऊन टाकणारा माणूस धरावाच लागतो. तो नसेल तर काही वर्षांत कड्यावर नुसता कडा उरेल.

वेलीचे कुळही तपासण्यासारखे आहे. मोझेलच्या खोऱ्यात द्राक्ष रोमनांबरोबर आले. आज तेथील निसर्गदत्त वाटणारे रीसलिंगचे राज्य बऱ्याच अंशी एका फर्मानाचे फळ आहे. ट्रिअरचा आर्चबिशप क्लेमेन्स वेन्त्सेस्लाउस याने १७८७ मध्ये हलक्या जातींच्या वेली उपटून त्यांच्या जागी चांगल्या, म्हणजे मुख्यतः रीसलिंगच्या, लावण्याचा हुकूम काढला. मध्ययुगीन जर्मन मुलखात मद्याचे दोन वर्ण होते, उच्च ते ‘फ्रँकिश’ आणि हीन ते ‘हॉइनिश’. अलीकडच्या जनुकीय तपासणीत असे निघाले, की कुलीन रीसलिंगच्या जनकांपैकी एक हीच तिरस्कृत हॉइनिश वेल आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा नावाच्या मुळे खाणाऱ्या किडीने युरोपातील मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा उपाय एकच सापडला : अमेरिकी खुंटावर युरोपी डोळा बांधणे. मोझेलच्या पाटीच्या दगडात काही जुन्या वेली स्वतःच्या मुळावर तगून आहेत, हे खरे. पण युरोपातील बहुसंख्य ‘मातीतल्या’ वाइनची मातीतली मुळे परदेशी आहेत. महाराष्ट्रातल्या द्राक्षबागायतदाराला याचे नवल वाटणार नाही. त्याच्या बागेतही डॉगरिज हा अमेरिकी वंशाचा खुंट खाली आणि थॉम्पसनचा डोळा वर असतो. कलम हा शब्द समीक्षेत निंदाव्यंजक झाला आहे. शेतात तो तसा कधीच नव्हता.

‘सेंद्रिय’ या विशेषणाचीही गत अशीच. सेंद्रिय म्हणजे निर्भेळ, मातीचे ते मातीला, असा त्याचा भावार्थ घेतला जातो. परंतु युरोपीय नियमांनुसार सेंद्रिय द्राक्षमळ्यात तांब्याची फवारणी चालते. मर्यादा हेक्टरी सात वर्षांत २८ किलो. आपल्याकडे जे मोरचूद आणि बोर्डो मिश्रण म्हणून शेतकऱ्याच्या ओळखीचे आहे, तेच हे. तांबे जमिनीत साचून राहते. तेव्हा सेंद्रिय हा शब्द शुद्धतेचे वर्णन करीत नाही, एका मान्य कार्यपद्धतीचे करतो. कड्यावर हेलिकॉप्टरने रसायन न फवारता पाठीवर पंप घेऊन चढणारा माणूस अधिक कष्ट आणि अधिक जोखीम पत्करतो, हा त्याचा नैतिक आशय आहे आणि तो कमी मोलाचा नाही. पण तो मातीच्या पावित्र्याचा आशय नव्हे.

येथपर्यंत आल्यावर एक सोपा निष्कर्ष हात जोडून उभा राहतो : मातीची चव ही भाकडकथा आहे, बाजाराने रचलेली आणि रसिकांनी पोसलेली. बूर्द्यूने १९७९ मध्ये अभिरुचीचे जे समाजशास्त्र मांडले, त्याच्या आधारे हा निष्कर्ष चटकन काढता येतो, आणि मराठीतही नव्वदीनंतर तो बऱ्याच ठिकाणी काढला गेला. परंतु तो टिकत नाही. अभिरुचीच्या निकषावरील १७५७ च्या निबंधात डेव्हिड ह्यूमने ‘डॉन किहोते’मधील एक किस्सा घेतला आहे. सांचोच्या दोन नातलगांना एका पिंपातील मद्याची परीक्षा करायला सांगितले. एकजण म्हणाला, मद्य उत्तम, पण किंचित चामड्याची चव आहे. दुसरा म्हणाला, उत्तम, पण किंचित लोखंडाची. लोक दोघांना हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडली. चव ही कल्पना नव्हती. तिला कारण होते, फक्त ते सर्वांच्या जिभेला कळत नव्हते. कान्टने पुढे १७९० मध्ये नेमके मद्याचेच उदाहरण घेऊन या दोन गोष्टींची ताटातूट केली. कॅनरी बेटांची वाइन मला आवडते असे फार तर म्हणता येते, तिच्याबद्दल सर्वांची संमती मागता येत नाही. ती सौंदर्यनिर्णयात मागता येते. ह्यूमच्या किल्लीपुढे कान्टची ही रेषा थोडी घाईची वाटते. जिभेच्या निर्णयाचीही पडताळणी होऊ शकते, आणि पडताळणी होऊ शकते म्हणूनच त्याबाबत खोटे बोलणे शक्य होते.

भारतीय परंपरेत तर ही ताटातूट पडलीच नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची उपपत्ती सांगताना नाना व्यंजनांनी संस्कारलेल्या अन्नाचा दृष्टांत येतो, आणि आस्वाद घेणारा ‘सुमनस्’ असावा अशी अट येते. अभिनवगुप्ताच्या परंपरेत पानकरसाचा दृष्टांत स्थिरावला. गूळ, मिरी इत्यादींपासून केलेल्या पन्ह्याची चव त्यांपैकी कोणा एकाची नसते. नाट्यशास्त्राशी आयुष्यभर झुंजणारे नांदेडचे नरहर कुरुंदकर रसचर्चेच्या आध्यात्मिक फुगवट्याबद्दल साशंक होते, ते योग्यच होते. पण दृष्टांताचा लौकिक भाग आजही उपयोगाचा आहे. चव ही एका घटकाचे सार नसते, संयोगाचे फलित असते. मातीच्या चवीत माती हा एक घटक आहे. ऊन, जात, खुंट, कायदा, हात आणि नाव हे बाकीचे.

‘नाव’ हा घटक येथे सहज घातलेला नाही. लातूर जिल्ह्यातील बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्ती कोथिंबीर यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. १९९९ च्या ज्या कायद्याखाली ते मिळाले, तो १९९५ पासून लागू झालेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदाविषयक कराराचे अपत्य आहे. त्या करारात एक विषमता आहे. सर्वसाधारण मालाच्या बाबतीत, ग्राहकाची दिशाभूल होत असेल किंवा अनुचित स्पर्धा घडत असेल, तरच स्थळनामाचे संरक्षण मिळते. वाइन आणि स्पिरिट यांच्या बाबतीत मात्र दिशाभूल सिद्ध करण्याची गरज नाही; ‘अमुक पद्धतीची’ असा खुलासा बाटलीवर असला तरी परक्या गावाचे नाव वापरता येत नाही. म्हणजे मोझेलच्या मातीची साक्ष आंतरराष्ट्रीय कायदा शपथेवाचून मानतो, बोरसुरीच्या मातीला मात्र उलटतपासणीला उभे राहावे लागते. भारताने आणि इतर काही देशांनी हे वरचे संरक्षण सर्व मालाला मिळावे अशी मागणी केली. ती मान्य झाली नाही. मातीची चव ही निव्वळ कविकल्पना आहे असे म्हणणाऱ्या चिकित्सकाने हे लक्षात घ्यावे, की त्याचा युक्तिवाद श्रीमंतांच्या कल्पनेला धक्का लावीत नाही. गरिबांच्या तेवढ्या कल्पना मोडीत काढतो.

पण बोरसुरीच्या दाव्याची तरी दुसरी बाजू पाहिली पाहिजे. शेजारच्या कर्नाटकात गुलबर्गा तूरडाळीलाही मानांकन आहे. बोरसुरी ज्या निलंगा तालुक्यात येते, तो तालुका १९५६ पूर्वी हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होता. भाषावार पुनर्रचनेत तो मराठवाड्याकडे आला, आणि लातूर हा स्वतंत्र जिल्हा तर १९८२ मध्ये झाला. सीमेच्या अलीकडची काळी आणि पलीकडची काळी एकाच बेसाल्टची झीज आहे. तुरीच्या मुळांना फाजल अली आयोग माहीत नाही. तरीही दोन नावे, दोन नोंदी, दोन अस्मिता. यात लबाडी आहे काय? नसावी. शतकानुशतके निवडलेले बियाणे, शिजवण्याची रीत, बाजारात कमावलेला विश्वास यांच्या सीमा खडकाच्या सीमांशी जुळल्याच पाहिजेत असे नाही. परंतु मग दावा ‘आमच्या मातीत हे आहे’ असा न करता ‘आमच्या लोकांनी हे सांभाळले’ असा करावा लागेल. आणि तसा तो केला, की ‘आमचे लोक’ म्हणजे कोण, हा प्रश्न टळत नाही. तुरीच्या शेतात खुरपणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर बहुधा नसते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केले, त्यांत मराठवाड्यातील माणसे होती. त्यांची मागणी चवीची नव्हती, जमिनीच्या तुकड्याची होती. ज्याच्याजवळ माती नाही त्याच्या लेखनाला मातीचा वास कोणत्या हिशेबाने यावा? दलित साहित्याने देशीयतेला विचारलेला हा प्रश्न साहित्यशास्त्रात नीट नोंदला गेलेला नाही. त्याला उत्तर म्हणून ‘तेही देशीच’ असे उदारपणे म्हटले जाते. उदारपणा हे उत्तर नव्हे.

नावाच्या गैरवापराचे एक उदाहरण पुन्हा मोझेलकडचेच घेण्यासारखे आहे. पीसपोर्ट हे उभ्या उतारावरच्या एका प्रख्यात मळ्याचे गाव. १९७१ च्या जर्मन कायद्याने अशा गावांची नावे मोठमोठ्या क्षेत्रांना लावण्याची मुभा दिली. पीसपोर्टर मिखेल्सबेर्ग या नावाखाली दूरवरच्या सपाट जमिनीतील, रीसलिंगही नसलेली, स्वस्त गोड वाइन वर्षानुवर्षे खपली. कायदा मोडला गेला नाही. खर्च झाला तो कड्यावर चढणाऱ्यांनी कमावलेला विश्वास. मराठीत ग्रामीण साहित्याच्या चळवळीनंतर नेमके हेच घडले असे म्हटले, तर काहींना ते कठोर वाटेल. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ १९७१ ची; लातूरकडच्या बोलीत कुटुंबाची फरफट सांगताना तेथे बोली ही पात्रांच्या विचाराची एकमेव शक्य वाट होती. नंतरच्या दोन दशकांत त्या बोलीची फोडणी दिलेले कितीतरी सपाट लेखन त्याच पाटीखाली वाचकांपर्यंत गेले, आणि समीक्षेने वास घेऊन शिक्के मारले. किल्ली आहे की नाही हे पाहायला पिंप रिकामे करावे लागते. तेवढा वेळ फारसा कोणी दिला नाही.

माती ही स्वभावतःच हितकारक असते, हा समज तर मराठवाड्यात तरी टिकू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि परिसरातील गावे कोसळली आणि हजारो माणसे झोपेत मेली, ती मुख्यतः घरांखाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर लाकडावर मातीचे माळवद. हे घर अस्सल देशी होते : जवळचा दगड, जवळची माती, उन्हाळ्यात गारवा, गवंड्याची वडिलोपार्जित रीत. गळती थांबवण्यासाठी अधूनमधून माळवदावर मातीचा आणखी एक थर चढे. पिढ्यानपिढ्या साचलेले हे ओझेच अखेर अंगावर आले. पुनर्वसनात सरळ रेषांच्या आखणीतली नवी गावे आली. तीत ओसरी, गल्ली, शेजार यांची मोडतोड झाली म्हणून तक्रारी झाल्या आणि त्या खऱ्या होत्या. पण त्या तक्रारींचे रूपांतर जुन्या वाड्याच्या गौरवगीतात करणे हा मेलेल्यांशी केलेला अविचार ठरतो. परंपरेचा थर कधी उतरवावा लागतो, हे सांगण्याची सोय देशीयतेच्या सिद्धांतात असली पाहिजे. ती कोठे आहे, हे तिच्या पुरस्कर्त्यांनी दाखवावे.

तेव्हा मातीची चव हा वर्णनाचा किंवा साराचा दावा न मानता साक्षीचा दावा मानावा, असे सुचवता येते. साक्ष खोटी असू शकते, म्हणूनच खरीही असू शकते. तिला जाणती जीभ लागते, आणि ती जीभ जन्माने मिळत नाही. साक्ष देणारा जे पाहिले त्याला बांधलेला असतो. त्यात त्याला न शोभणारेही सांगावे लागते. सार सांगणाऱ्यावर असे बंधन नसते. या दृष्टीने, लेखक मातीतला आहे का, हा प्रश्न दुय्यम होतो. त्याने मातीबद्दल काय लपवले, हा प्रश्न पुढे येतो.

आणि साक्ष कोणाची ग्राह्य धरली जाते, हाही. नांदेड जिल्ह्याच्या ईशान्येला किनवट आणि माहूरच्या डोंगराळ, दगडाळ मुलखात गोंड, कोलाम, आंध यांच्या वस्त्या आहेत. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. हायमेनडॉर्फने १९४० च्या दशकात राजगोंडांचा जो अभ्यास केला तो याच पट्ट्याचा. या भागातले मद्य मोहाचे. चैत्राच्या आगेमागे मोहाची मांसल फुले रात्रीतून आणि पहाटे गळतात. झाडाखालचा पाचोळा झाडून किंवा जाळून जागा साफ केलेली असते. बायका-मुले उजाडण्याआधी वेचायला जातात. वाळलेले फूल दिसायला मनुकेसारखे, गोडीलाही जवळपास तसेच. ते आंबवून गाळलेली दारू देवाला चढते, लग्नात आणि मरणात लागते. खडकाळ उतार, विशिष्ट झाड, हाताची मेहनत, पिढ्यांची रीत, नावाने ओळखली जाणारी चव : तेरवारच्या व्याख्येतली एकही अट येथे अपुरी नाही.

पण १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाचा अंमल या मुलखात आला, तेव्हापासून ही चव गुन्ह्याच्या सदरात नोंदली गेली. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले. विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क झाले, नाशिकच्या वाइनला स्थळनामाचा मान मिळाला, रीसलिंगसुद्धा नाशिकला होऊ लागली. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे, शेतमाल आहे, असा युक्तिवाद जाहीरपणे केला गेला. मोहाचे फूल मात्र नुसते साठवण्यावर आणि वाहून नेण्यावर निर्बंध होते. ते २०२१ मध्ये उठले. फूल मोकळे झाले. गाळणाऱ्या बाईच्या भट्टीवर धाड पडायची ती पडतेच, आणि पंचनाम्यात तिच्या मडक्यातील द्रवाचे वर्णन ‘रसायन’ या शब्दाने होते.